मागच्या रांगेतली चिठ्ठी

४ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही, याबद्दल आधी माफी. कारण सांगितलं तर तुला राग येईल आणि नाही सांगितलं तर जास्त येईल, म्हणून सांगते. आमच्या जलवाहतूक खात्याची संसदेच्या समितीपुढे तपासणी आहे. विषय, खात्याचा कारभार आणि पारदर्शकता. हे कळल्यावर खात्याने पहिलं काम केलं ते जिना रंगवण्याचं. दुसरं, अर्जदारांच्या खिडकीची जुनी धुरकट काच काढून नवी धुरकट काच बसवली. तिच्यावर पारदर्शक कारभाराची पाटी लावली. ती वाकडी लागली आहे आणि सरळ करणं कोणाच्या अधिकारात येतं, यावर सध्या फाईल फिरते आहे.

आमच्या सचिवसाहेबांना मागून सगळे भोंगा म्हणतात, ते तुला माहीत आहे. आवाज भारदस्त, पण हवा दुसऱ्याने भरायची. समितीपुढे ते अडखळू नयेत म्हणून रोज दुपारी सभागृहात रंगीत तालीम चालते. कोणीतरी समितीचं अध्यक्ष व्हायचं आणि प्रश्न विचारायचे, साहेबांनी उत्तरं द्यायची, आणि उत्तरात चुकून काही अर्थ राहिला असेल तर तो सहसचिवांनी काढून टाकायचा. अध्यक्ष म्हणून मला बसवलं. का, तर मी कटकटी आहे.

मी मन लावून कटकट केली. तिथेच चुकलं की काय, कळत नाही. मी विचारलं, की लाँच धक्क्यावर आदळली त्या अपघाताचा चौकशी अहवाल कुठे आहे, आणि ज्या चालकाला घरी बसवलंय त्याला तो का दाखवत नाही. साहेबांनी सहसचिवांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी लाजतील. तर सहसचिव म्हणाले की असा प्रश्न आधीच सुचला हे खात्याचं भाग्य, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर घोटून तयार. अहवाल अंतिम होण्याच्या प्रक्रियेत आहे म्हणे. तो गेल्या वर्षीच सहीशिक्क्यासह आमच्या शाखेत आला. धक्क्यावरचा दिवा खात्याच्याच हलगर्जीने बंद होता, चालकाचा, म्हणजे आपल्या भावोजींचा, काही दोष नव्हता, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. हे मी तुला मागे घरी आले तेव्हा सांगितलंच आहे.

प्रश्न मुद्दाम बावळट विचारायला हवे होते का? तसं केलं तर कामात चोरी, आणि नीट विचारले तर चोरांना मदत. तूच सांग.

भावोजींना नमस्कार. लोभ आटला असेल तर तसं कळव, नसेल तर थोडा इकडे पाठव.

तुझी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं कौतुक करावं की कान उपटावा, हे ठरेना म्हणून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. चोराने येऊन विचारावं की बाई, तुमची कुठली खिडकी कच्ची आहे, आणि तू त्याला घरभर फिरवून दाखवावंस, असला तुझा प्रामाणिकपणा. लहानपणी मास्तर गृहपाठ तपासायला विसरले तर आठवण करून देणारी तू. वर्गातल्या पोरींनी तुला कसं जिवंत सोडलं, देव जाणे.

इथलं म्हणशील तर हे न्हाव्याच्या दुकानात शिरले की गप्पा थांबतात आणि बाहेर पडले की सुरू होतात. दारू पिऊन लाँच चालवली, हे आता ज्याला त्याला स्वतः पाहिल्यासारखं आठवतं. ज्या माणसाला खोकल्याच्या औषधानेसुद्धा झोप येते, त्याच्याबद्दल! नवा चालक मागच्या दाराने येतो आणि धुक्यात धक्क्याचं वळण कसं घ्यायचं ते विचारतो. हे बिचारे हवेत हात फिरवून त्याला दाखवतात. तोच दुसऱ्या दिवशी बाजारात भेटला की दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो. मी त्याला परवा सांगितलं, की पुढच्या दाराने येशील तर वळण मिळेल. त्यावरून हे माझ्याशी रात्रीपर्यंत बोलले नाहीत.

तुझ्या समितीवरही माझा काडीचा विश्वास नाही. ती माणसं येतील, खुर्च्या झिजवतील आणि जातील. पण तुझं खातं स्वतःहून खरं बोलणार नाही, एवढं मला नक्की कळतं.

हे म्हणतात, माझ्यापायी धाकटीने साहेबांच्या वाटेला जाऊ नये. निरोप दिला, माझी जबाबदारी संपली. जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तेवढी सगळी या पाकिटात मावली नाही, असं समज.

तुझी,
ताई


२१ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

काल समितीपुढे साक्ष झाली. जे घडलं ते घडलं त्याच क्रमाने लिहिते, म्हणजे माझ्याकडून सजवलं जाणार नाही.

समितीबद्दल तू म्हणालीस ते बरंचसं खरं निघालं. एक सदस्य सुरुवातीपासून डोळे मिटून चिंतन करत होते, त्यांच्या चिंतनाला बारीक शिट्टीसारखा आवाज होता. दुसऱ्यांनी पारदर्शकतेवर बोलता बोलता आपल्या भागात नवा धक्का मागून घेतला. आमचे साहेब समोर बसून अशा काही गांभीर्याने मान डोलवत होते, की त्यांना काही समजतंय असा परक्याचा सहज गैरसमज व्हावा.

आम्ही मागच्या रांगेत. तिथली रीत अशी, की प्रश्न आला आणि उत्तर माहीत नसलं की साहेब मागे न बघता खुर्चीच्या बाजूने हात पसरतात. मागच्याने चिठ्ठी लिहून हातावर ठेवायची. ती ते आधी वाचत नाहीत, कारण थांबले तर अज्ञान दिसेल. थेट मोठ्याने वाचतात. इतकी वर्षं हेच चाललंय. तालमीत घोटलेलं एकही उत्तर त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, त्यामुळे हात सकाळपासून मागेच होता.

मग एक वयस्क सदस्या बोलल्या. त्या तोवर नुसतं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, की लाँच अपघाताचा सही झालेला अहवाल खात्याकडे आहे का, आणि असेल तर त्यात काय आहे. सहसचिव माझ्या कानाशी लागून कुजबुजले, की अंतिम होण्याच्या प्रक्रियेत, लिही. मी लिहिलं, की होय, अहवाल गेल्या वर्षीच आला आहे. धक्क्यावरचा दिवा खात्याच्या दुर्लक्षामुळे बंद होता. चालकाचा दोष नाही. आणि चिठ्ठी हातावर ठेवली.

ताई, साहेबांनी ती शेवटपर्यंत वाचली. सुंदर वाचली. चालकाचा दोष नाही, यावर तर असा काही जोर दिला, की जणू स्वतः तपास करून आले होते. शेवटी मोठ्या नम्रतेने सदस्यांचे आभारही मानले. आपण काय बोललो, हे त्यांना समोरचे चेहरे बघून कळलं. शिट्टीसुद्धा थांबली होती. त्या बाई म्हणाल्या, की इतकं सरळ उत्तर या खोलीत फार दिवसांनी ऐकलं, आता अहवाल समितीकडे पाठवा.

आज साहेबांनी बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं, तर खुर्ची दिली. साक्षीची शब्दशः नोंद दुरुस्तीसाठी खात्याकडे येते. मी जर खुलासा लिहून दिला, की ती चिठ्ठी चुकून, दुसऱ्याच प्रकरणाची दिली गेली, तर ते उत्तर मागे घेता येईल आणि समितीला अहवाल पाठवायची गरज उरणार नाही. मग माझ्यावर काही होणार नाही. नाहीतर माझीच चौकशी. त्या चौकशीचा अहवाल मात्र झटपट अंतिम होईल, असं सहसचिव म्हणाले आणि स्वतःच हसले.

कालपासून स्वतःला विचारते आहे. एका माणसाच्या आंधळ्या सवयीचा मी फायदा घेतला, हे सरळ वागणं झालं का? चिठ्ठीत खोटं अक्षर नव्हतं, पण धाडस म्हणावं तर तेही नव्हतं. उठून उभी राहून मी स्वतः बोलले नाही. भोंगा वापरला. साहेबांचा तिरस्कार करते आणि काम त्यांच्याच तोंडून करून घेते, याला काय म्हणायचं? खुलासा महिनाअखेरीपर्यंत द्यायचा आहे. काय करू, ते लिही.

तुझ्या लोभावर हक्क सांगायची आज हिंमत नाही, तरी सांगते.

तुझी,
धाकटी


२५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मी यांना वाचून दाखवलं. साहेबांचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, आणि या खेपेला भोंग्याच्या आवाजात वाच म्हणाले. मी वाचलं. शेजारीण डोकावून गेली. मग हे खिडकी लावून आले. म्हणाले, की तिला लिही, चिठ्ठी चुकून गेली म्हणून लिहून दे सरळ. एका घरात एक माणूस बिनकामाचा बसलाय तेवढा पुरे.

हे त्यांचं म्हणणं. माझं विचारशील तर मी त्यांची बायको आहे आणि तुझी बहीण आहे. दोघींनी मिळून गप्प बसायचं ठरवलंय. चिठ्ठी तू मला विचारून लिहिली नव्हतीस, आणि बरं झालं. विचारलं असतंस तर मी घाबरून नको म्हटलं असतं.

त्या सहसचिवाला मात्र माझा नमस्कार सांगू नकोस.

तू कशीही वागलीस तरी आमचीच आहेस.

तुझी,
ताई


२७ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

आज शाखेत माझ्या टेबलाशी कोणी आलं नाही. सहसचिवांनी कोरा कागद पाठवला, सोबत ‘चुकून’ या शब्दाने सुरू होणारा मजकूर टाइप करून, म्हणजे मला विचार करायचे कष्ट नकोत. आमच्या खात्यात एवढी तत्परता मी पहिल्यांदाच पाहिली. तो मजकूर मी फाडला नाही, उगाच नाटक कशाला. कोरा कागद तेवढा ठेवून घेतला आणि बाकीचा शिपायाबरोबर परत पाठवला.

भावोजींना सांग, त्यांचं ऐकत नाही, त्याबद्दल रागावू नका. रागावले तरी चालेल, पण पुढच्या दाराने बाहेर जाऊन रागवा म्हणावं.

नोकरी गेली तर तुझ्याकडे येईन, तेव्हा माया जरा जपून खर्च कर.

तुझी,
धाकटी

ता. क. उद्याचं काम: खुलासा देणे. एकच ओळ, चिठ्ठी मी विचार करून दिली.