ठकीचा खाऊ

उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
३ मार्च २०२५

चि. केशवला ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा तुला फोन केला होता. मी रातकिड्यांचं विचारत होते आणि तू पलीकडून लग्नपत्रिका मिळाल्याचं सांगत होतास. कोणाचं लग्न, कसली पत्रिका, देव जाणे. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये ठेवायला घेतलंस का रे? शेवटी ठरवलं, पत्रच लिहावं. तुमच्या शेजारचा कडुबा रोज बसनं इथं नोकरीला येतो, त्याच्या हाती चिठ्ठी दिली की संध्याकाळी वैजापुरात.

तर काम असं. यांच्या तेराव्याला आलास तेव्हा स्वरालीच्या खोलीत काचेची पेटी पाहिली असशील. तिच्यात तिची पाल आहे, ठकी. आपल्या भिंतीवरची नाही, परदेशी जातीची, पिवळी, अंगभर काळे ठिपके. भिंतीवर चढत नाही, ओरडत नाही, पापण्या मिटून झोपते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी आठ दिवस त्या खोलीत झाडू मारला नव्हता. आता तिच्याशी बोलते. असं होतं बघ माणसाचं.

ती जिवंत किडेच खाते. मेलेल्याला तोंड लावत नाही. इथल्या दुकानात रातकिडे मिळतात, पण डबा उघडावा तर निम्मे मेलेले, आणि वास असा की पुढचं जेवण जात नाही. उरलेले उपाशी, वाळलेले. स्वराली म्हणते, किडा उपाशी तर ठकीही उपाशी. ठकीची शेपटी गाजरासारखी जाड असायला हवी, ती आता वातीसारखी झाली आहे.

आता खरं सांगते. पालीसाठी मी एवढा जीव टाकत नाहीये. हे गेल्यापासून स्वराली धड बोलत नाही. यांच्या आजारपणात पुण्याची नोकरी बिनपगारी रजेवर टाकून आली, ती तशीच बसली आहे. दुपारपर्यंत अंथरुणात. उठते ती फक्त ठकीला खायला घालायला. त्या पालीला काही झालं तर माझी पोर कशासाठी उठेल, मला सांग. मी थकले रे केशव. रोज सकाळी तिच्या दाराला कान लावून उभी राहते.

तुझ्या परसात रातकिडे असतील. काही जमतं का बघ.

वहिनीला आशीर्वाद. इकडची आठवण ठेव.

तुझी,
ताई


वैजापूर
९ मार्च २०२५

ती. ताईस केशवचा शि. सा. नमस्कार.

चिठ्ठी पोचली. मशीन ड्रॉवरमध्ये नाही, फ्रिजवर आहे. ते घातलं की सगळं गाव एकदम कानात शिरतं, म्हणून काढून ठेवतो.

तहसील कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली, पण पालीच्या रेशनचा अर्ज कधी आला नव्हता. पंचांगही काढून पाहिलं. पाल अंगावर पडल्याची फळं दिली आहेत, उजवा खांदा, डावा खांदा, सगळं व्यवस्थित. पाळल्याचं फळ कुठंच नाही. तेव्हा आपण मोकळे.

थट्टा राहू दे. कामाला लागलो आहे. परसातले किडे धरून पाठवायचं आधी मनात आलं, पण आजूबाजूला सगळा कांदा, आणि कांद्यावर काय काय मारतात ते मला माहीत आहे. बाहेरचा एक किडा द्यायचा नाही, घरातच वाढवायचे असं ठरवलं. कडुबाकडून तिकडच्याच दुकानातले धडधाकट तेवढे निवडून आणवले आणि मोठ्या प्लॅस्टिकच्या टोपलीत सोडले. त्यांना दडायला अंड्यांचे रिकामे ट्रे लागतात. ते आणायला गेलो तर दुकानदारानं इकडंतिकडं बघून वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी, केशवरावांनी या वयात सुरू केलं म्हणून. तुझी वहिनी दोन दिवस देवळात गेली नाही.

रातकिडे इतके ओरडतात म्हणे, की तिला झोप नाही. मला काहीच ऐकू येत नाही. या धंद्याला माझ्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही.

कडुबाच्या हाती श्रीखंडाचा डबा पाठवतो आहे, झाकणाला भोकं पाडली आहेत. उन्हात ठेवू नकोस. गाजर, भोपळा आणि थोडं कोरडं पीठ घाल. पाण्याची वाटी नको, बुडून मरतात.

पोरीचं वाचून जेवण गोड लागलं नाही. तू जपून राहा. तिचं लिहितेस, स्वतःचं एक अक्षर लिहीत नाहीस.

कळावं, माया होती तशी राहू दे.

तुझा,
केशव


उस्मानपुरा
२ एप्रिल २०२५

चि. केशवला अनेक आशीर्वाद.

तुझे तिन्ही डबे पोचले. काय किडे आहेत रे! झाकण उघडलं की स्वयंपाकघरभर उड्या. मी या वयात ओट्याखाली वाकून रातकिडा धरते, हे यांनी पाहिलं असतं तर खुर्चीतून पडले असते.

ठकीची शेपटी भरली. स्वराली परवा हसली. खरंच हसली, माझ्या केसात किडा अडकला म्हणून. मी तो मुद्दामच जरा वेळ काढला नाही.

पाडवा झाला तसा वर्षाचा तांदूळ भरून टाकला. दोघींना कशाला एवढा, असं स्वराली म्हणाली, पण कोठी रिकामी बघवत नाही मला. नेहमीसारखी बोरिक पावडर चोळली आणि भरला. परातीच्या तळाला बरीच कणी आणि भुकटी राहिली. टाकायची कशाला? तुझ्या रातकिड्यांना घातली. त्यांच्या आता दोन बादल्या झाल्या आहेत, कणी एकीलाच पुरली, दुसरीला आपलं गाजर आणि कणीक. किडा पोटभर जेवला तर ठकी जेवेल, हे मी आता तुझ्याइतकंच शिकले आहे.

कंबर दुखते. जिना चढवत नाही. पण सकाळी उठून आधी बादल्या बघते. वहिनीला म्हणावं, कापूस घाल कानात.

लोभाची,
ताई


उस्मानपुरा
१४ एप्रिल २०२५

चि. केशवला आशीर्वाद.

घाईत लिहिते. ठकी खात नाही. किडा समोर सोडला तरी बघत नाही, तोंड उघडं ठेवून एका कोपऱ्यात पडून आहे. स्वरालीनं डॉक्टरकडे नेली. ते कुत्र्यामांजरांचे, तरी त्यांनी तपासली, पोटात काही गेलंय म्हणाले आणि थेंब दिले.

इकडं एका बादलीतले किडे पटापट उताणे पडताहेत. गेल्या आठवड्यात जरा मंद झाले होते, ठकीला पकडायला सोपे म्हणून मी तेच आधी दिले. दुसरी बादली ठणठणीत आहे. ऊन लागलं असेल का? पण दोन्ही बादल्या शेजारीशेजारी आहेत.

स्वराली दिवसभर पेटीपुढं बसून राहते आणि मधूनमधून माझ्याकडे बघते. उद्याचा डबा पाठवू नकोस, आधी हिला वाचू दे.

ताई


उस्मानपुरा
१५ एप्रिल २०२५

ती. मामास स्वरालीचा शि. सा. नमस्कार.

मामा, हे पोस्टानं पाठवतेय, कारण कडुबादादांच्या हाती दिलं तर आईच्या नजरेस पडेल.

ठकीला काय झालं ते मला कळलंय. आईनं किड्यांना तांदळाची कणी घातली आणि तिला बोरिक पावडर लागली होती. आपण तांदूळ चार पाण्यांनी धुतो, म्हणून आपल्याला काही होत नाही. किडे कुठं धुऊन खाणार? त्यांनी ते खाल्लं आणि ते ठकीनं खाल्ले. ती वाचेल असं मला वाटत नाही.

आईला हे सांगायची माझी हिंमत नाही. बाबा गेल्यावर ती कशी झाली होती, तुला माहीत नाही, कारण पत्रात ती फक्त माझंच लिहीत असणार. भाजी फोडणीला टाकायची आणि गॅस विसरून बाल्कनीत जाऊन बसायची. दोन दोन दिवस वेणी घालायची नाही. मी दुपारपर्यंत खोलीत असते ते झोपून नाही रे, बाहेर आलं की बाबांची खुर्ची आणि तिच्याशेजारी आई, ते बघवत नाही म्हणून. तुझे रातकिडे आले आणि आई उठायला लागली. पुण्याच्या ऑफिसनं मला बोलावलंय, ठकीला मैत्रिणीकडे ठेवून मी कधीच गेले असते. नाही गेले, कारण ठकी गेली तर आईला सकाळी उठायला काय उरेल?

आता तिच्या हातून हे झालं हे तिला कळलं तर ती मोडून पडेल. म्हणून मागते आहे, चूक तू घे. लिही की, घरचे किडे कमी पडले म्हणून कपाशीच्या शेतातले धरले आणि तिथं फवारणी झालेली होती. ती तुझ्यावर दोन दिवस रागावेल आणि विसरेल. स्वतःवर रागावली तर विसरणार नाही.

तुझ्यावर असा बोजा टाकते, क्षमा कर. मामीला नमस्कार.

तुझीच,
स्वराली


वैजापूर
१९ एप्रिल २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

ताई, ठकीच्या बाबतीत अपराध माझा आहे. टोपलीतले किडे कमी पडले, तुला नाही कसं म्हणायचं म्हणून मागच्या शेतातल्या कपाशीवरचे धरून डब्यात घातले. तिथं फवारणी झाली होती हे मला नंतर समजलं. विष त्या किड्यांच्या अंगात होतं. तुझ्या हातून काहीच चुकलेलं नाही.

बाहेरचा किडा देणार नाही असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ते पाळलं नाही. काय बोलायचं ते बोल, मशीन घालून ऐकेन.

ठकी कशी आहे ते कळव. आणि तू कशी आहेस तेही, ते आधी.

तुझा अपराधी,
केशव


उस्मानपुरा
२४ एप्रिल २०२५

चि. केशवला अनेक आशीर्वाद.

ठकी सोमवारी दुपारी गेली. स्वरालीच्या तळहातावरच होती. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत तिला ठेवली.

तुझं पत्र त्याच दिवशी आलं. तुला खोटं लिहिता येत नाही रे. चैत्रात कपाशी? वैजापुरात वाढलेल्या बाईला सांगतोस हे? कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून चुलीत जाऊन किती दिवस झाले असतील. एक तर तुझं डोकं फिरलंय, नाहीतर मला कळावं म्हणूनच तू कपाशी लिहिलीस. मला यातली दुसरी गोष्टच खरी वाटते. कारकून आहेस तू.

आणि तुझ्या पत्राआधीच मला कळलं होतं. ज्या बादलीत कणी, तीच मेली. परातीच्या तळाला हात फिरवून पाहिला तर बोटं पांढरी झाली. त्यानंतर दोन दिवस, माझ्या हातानं पोरीचा आधार मारला, हेच डोक्यात फिरत होतं.

कुंडीवर माती लोटून खाली आलो आणि मी स्वरालीला सांगून टाकलं, की बोरिक माझं, कणी माझी, तुझी ठकी मी मारली. म्हटलं, आता ही अंथरूण धरेल. तर ती उठली, तुझं पत्र आणून माझ्यापुढं धरलं आणि डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली की नाही आई, हे बघ, मामाची चूक आहे, कपाशीवरचे किडे होते. केशव, माझी ही मुलगी लहानपणी चोरून लाडू खाल्ला तरी कान लाल करून उभी राहायची. ती इतकं खोटं माझ्या तोंडावर बोलली आणि मला एकदम समजलं. हिला ठकीची काळजी नव्हतीच. हिला माझी काळजी होती. मी दाराबाहेर कान लावून उभी राहायची, तेव्हा ही आत माझी चाहूल घेत बसलेली असायची.

मी विचारलं, पुण्याला का जात नाहीस. ती मग रडली, आणि मग मीही. यांचं नाव घेऊन, गळ्यात पडून, मोठ्यानं. ते गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींसमोर एकदाही रडलो नव्हतो. शेजारची बेल वाजवून गेली, आम्ही दार उघडलं नाही.

मीच तिला मंगळवारचं तिकीट काढायला लावलं. माझी आई काय करेल, हा विचार सोडून जा म्हटलं. मोठ्या तोंडानं म्हटलं. आता खोलीत तिची बॅग भरणं चालू आहे, कपाटाचं दार वाजतंय, आणि मी हे लिहीत बसले आहे.

तू दोन्ही पत्रांत विचारलंस मी कशी आहे. बरी नाही रे. मंगळवारनंतर या घरात मी एकटी असेन आणि मला फार भीती वाटते. हे तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, तुला सांगते. माझी काळजी करायची असेल तर यापुढं खोटं लिहून नको करूस. बुधवारी सकाळच्या बसनं ये आणि समोर बसून कर.

वहिनीलाही घेऊन ये. वाट बघते.

तुझी,
ताई