बटणे माझी मी लावीन, वेळ लागेल

मी, या वृद्धनिवासाच्या तळमजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीत राहणारी, पुस्तकबांधणीचा धंदा केलेली, वैधव्य आलेली, वय वर्षे ब्याऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, आपखुशीने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. म्हणजे दबाव आणणारे पुष्कळ आहेत. पण ते सारे माझ्या भल्यासाठी आणतात, आणि कायदा त्याला दबाव म्हणत नाही, असे माझ्या वकील भाचीने मला समजावले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझ्या शुद्धीविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण या इमारतीत तिच्याविषयी दोन मते आहेत.

मी रोज पहाटे पोथीतला एक अध्याय मुखोद्गत म्हणते. डोळे मिटलेले असतात, आणि अध्याय पुरा होईतो मी कोणाशी बोलत नाही, जागची उठत नाही. माझ्या वडिलांनी लावलेली ही शिस्त आहे. ती मी बाळंतपणातही मोडली नाही. या निवासाचे डॉक्टर गेल्या पावसाळ्यात नेमके त्याच वेळी तपासणीस आले. "आजी, हात वर करा. आजी, उठून दाखवा. आजी, ऐकू येतंय ना?" मी तळहात उभा करून थांबा अशी खूण केली. ती त्यांनी "हातास अनैच्छिक कंप" अशी नोंदवली. अध्याय संपवून मी डोळे उघडले, तोवर डॉक्टर पुढच्या खोलीत पोचले होते आणि माझ्या नावापुढे "सूचना समजत नाहीत, सर्व कामांत पूर्ण मदत आवश्यक" हा शेरा पडला होता.

त्याच दिवसापासून मला चाकांच्या खुर्चीत बसवून पट्टा बांधतात. घास भरवतात. कपडे सेविका चढवते. "शहाणी माझी आजी, हात वर करा बघू!" असे ती म्हणते. मी तिची आजी नव्हे, आणि शहाणी आहे हे तिने सांगायला नको. मी म्हटले, "बटणे माझी मी लावीन." ती म्हणाली, "अहो, तुम्हाला लावायला पाव तास लागतो, मला पलीकडे आणखी दहा जणं आहेत!" तिचेही खरे आहे. देह हे वस्त्र आहे असे शास्त्र सांगते, हे मला मान्य आहे. परंतु त्या वस्त्राची बटणे दुसऱ्याने लावावीत असे कोठेही म्हटलेले माझ्या वाचनात नाही.

डॉक्टरांना मी सर्व प्रकार सांगितला. ते हसून म्हणाले, "आजी, पुढची तपासणी सहा महिन्यांनी. तोपर्यंत आराम करा की." आरामाने माझे गुडघे धरले. पूर्वी भिंतीला हात लावीत जेवणघरापर्यंत जात असे. आता पलंगापासून खिडकीपर्यंत गेले तरी धाप लागते. ज्यांना पूर्ण मदत लागते त्यांना वरच्या मजल्यावर ठेवतात, असा येथील नियम आहे. त्यानुसार येत्या सोमवारी मला वर न्यायचे ठरले आहे. वरून पुन्हा खाली राहायला आलेले कोणी मी पाहिलेले नाही.

कलम २. घर. येथे येण्यापूर्वीचे माझे राहते घर मी माझ्या एकुलत्या मुलास देत आहे. मृत्युपत्र कर म्हणून त्याने गेली कित्येक वर्षे माझ्यामागे भुणभुण लावली आहे. वर नेण्याच्या कागदावर सही करणाराही तोच. "आई, कशाला जिवाला त्रास करून घेतेस? सगळं करायला माणसं आहेत ना तिथे?" असे तो म्हणाला. बाळा, सगळे करायला माणसे आहेत हीच तर माझी तक्रार आहे.

आता त्याने लक्ष देऊन वाचावे. मृत्युपत्रास डॉक्टरांचा दाखला जोडावा, म्हणजे पुढे वाद उरत नाही, असे भाचीचे मत. डॉक्टरांनी लिहायचे की या बाईंना सारे समजते. परंतु त्याच डॉक्टरांनी आधी लिहिले आहे की या बाईंना हात वर करणेही समजत नाही. दोन्ही खरे असू शकत नाही. जिला हात वर करणे समजत नाही तिने दिलेले घर कोणत्या न्यायालयात टिकेल? तेव्हा घर हवे असेल, तर आईला अक्कल आहे हे लेकाने आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि आईच्या जिवंतपणी घ्यावे. मी हे सुनेला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "सासूबाई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." सुनेशी माझे फारसे जमले नाही, पण माणसाची पारख तिला आहे. माझ्या सोन्याच्या बांगड्या तिला द्याव्यात.

कलम ३. हत्यारे. माझा लोखंडी दाबयंत्राचा शिकंजा, टोचे, सुया, मेणाचा गोळा आणि कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी ही सर्व माझ्या दुकानासमोरच्या बाइंडरास द्यावीत. "बाईमाणसाची शिवण, दोन वर्षांत पाने सुटणार" असे त्याने माझ्या गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगितले. मी शिवलेले ग्रंथ अजून सुटलेले नाहीत. त्याचेच सुटलेले माझ्याकडे दुरुस्तीस येत, आणि ते कोणाचे हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगितले नाही. ते आज येथे सांगते. अलीकडे त्याचे हात थरथरतात आणि मुलगा त्याला दुकानात नुसता बसवून ठेवतो, असे कानावर आले आहे. म्हणून अट अशी की शिकंज्याचा दांडा त्याने स्वतः फिरवावा. मुलाने हात लावल्यास शिकंजा भंगारात द्यावा.

कलम ४. ग्रंथ. माझे सर्व धर्मग्रंथ, टीकांसहित, या निवासाच्या वरच्या मजल्यावर बसल्या जागी हात पोचेल अशा फळीवर ठेवावेत. कोणी मोठ्याने वाचून दाखवू नये. पान ज्याचे त्याने उलटावे. फाटले तर फाटू द्यावे, कागद असतो कशासाठी?

कलम ५. चाकांची खुर्ची मुलाने आणली आहे, ती त्याला परत जावी. पट्टा तेवढा कापून टाकावा.

कलम ६. शिल्लक. बँकेत जे काही असेल त्यातून नवा दूरदर्शन संच, गालिचा किंवा माझ्या नावाची पाटी घेऊ नये. वरच्या मजल्यावर पलंगांपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला कठडा बसवावा. उरलेल्यातून तेथे एका माणसाचा पगार द्यावा. त्याचे काम एकच: कोणी बटण लावीत असेल, चमचा उचलीत असेल, उठू पाहत असेल, तर शेजारी हात मागे बांधून उभे राहावे आणि वाट पाहावी. पडू लागले तर धरावे. त्याआधी धरू नये.

हे कलम का, ते सांगते. माझ्या शेजारच्या पलंगावर एक गायनशिक्षिका होत्या. आपले केस आपण विंचरीत; अर्धा तास लागे, आणि विंचरताना गुणगुणत. त्यांना वर नेले. तेथे सकाळी सर्वांचे केस ओळीने विंचरले जातात. परवा मला खुर्चीतून वर भेटायला नेले, तेव्हा मी त्यांच्या हातात कंगवा दिला. त्यांनी तो उलटून पालटून पाहिला आणि सेविकेला देऊन टाकला. मी विचारले, "गात नाही का हल्ली?" त्या म्हणाल्या, "कधी गाऊ? काम काहीच नसतं हो."

कलम ७. अंत्यसंस्कार साधे करावेत. मला उचलून न्यायची घाई तेव्हा खुशाल करावी. त्या वेळी माझी काही तक्रार असणार नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या भाचीने करावी. या निवासाच्या मेट्रनबाईंना मी साक्षीदार केले आहे. साक्षीदारास मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे मला ठाऊक आहे.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला: निवृत्त पोस्टमास्तर, समोरची खोली. बाईंनी माझ्यादेखत सही केली. (सही)

साक्षीदार दुसरी: मेट्रन. बाईंनी माझ्यादेखत सही केली. मी पेनाचे टोपण काढून देऊ लागले, तेव्हा ते परत लावायला सांगून त्यांनी स्वतः काढले. (सही)

डॉक्टरांचा दाखला: बाईंच्या मुलाच्या विनंतीवरून मी आज आलो. वरील मजकूर बाईंनी मला स्वतः वाचून दाखवला. मालमत्ता, वारस व अटी यांविषयीच्या माझ्या प्रश्नांना नेमकी उत्तरे दिली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. सूचना समजत नसल्याचा माझा पूर्वीचा शेरा चुकीचा होता. तो मी आज खोडला आहे. पट्टा आजपासून बंद. कपडे व जेवण त्यांचे त्या करतील, लागेल तेवढा वेळ द्यावा. त्यांना हलवू नये. (सही)

दिनांक: सोमवार, सहा तारीख

स्थळ: तळमजला