गाईच्या कानामागे

आबा, गाईच्या अंगावर गाठी आल्या आहेत. मानेवर, कासेवर, सुपारीएवढ्या. अंग तापलंय, चारा तोंडात धरून नुसती उभी राहते. फौजेतून सुटल्यावर मी नजफगढच्या बाजूला घर बांधलं आणि तुमच्या आठवणीनं ही एकच गाय ठेवली. सकाळपासून चार वेळा तिच्या गाठी मोजल्या, दर वेळी आकडा वेगळा येतो.

गुरांचा डॉक्टर म्हणाला, हा रोग माश्या, डास आणि गोचीड पसरवतात. आजारी जनावराला चावतात, मग धडधाकट जनावराला चावतात, आणि विषाणू रक्तात जातो. भिंतीपलीकडे शेजारणीची गाभण कालवड बांधलेली आहे. माशीला भिंत कसली, आबा? शेजारणीला लगेच सांगा, म्हणाला. मी अजून सांगितलेलं नाही.

महिन्यापूर्वी हाच डॉक्टर औषध फवारायला गल्लीत आला होता. दारातूनच विचारलं, "ताऊ, चिचड़ी तो नहीं है?" फौजेतली हिंदी गोठ्यात कामाला येत नाही. मला वाटलं, गाय चिडचिडी आहे का विचारतोय. मी म्हटलं, "नहीं जी, बहुत शांत है." तो हसला आणि पुढच्या घरी गेला.

तुम्ही मला रोज संध्याकाळी गोचीड वेचायला बसवायचात, रॉकेलचा डबा घेऊन. एकदा मी खेळायच्या घाईत न बघताच, झालं म्हणालो. तुम्ही ओरडला नाहीत. माझं बोट धरून गाईच्या कानामागे फिरवलंत. तिथे फुगलेली गोचीड चिकटलेली आहे, मऊ, गार, आणि तुम्ही म्हणताय, "तिला सांगता येत नाही रे. म्हणून आपण बघायचं." ते बोट मी अजून पुसतोय.

आज गाईला माझी मच्छरदाणी बांधली. सून हसली नाही, तेव्हा जास्तच भीती वाटली. हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवतो आणि शेजारणीकडे जातो. ती शिव्या देईल, देऊ दे.

एक राहिलं. चिचडी म्हणजे काय हे मला त्याच दिवशी कळलं होतं. संध्याकाळी कानामागची गोचीड सुनेला दाखवली. ती दिल्लीत वाढलेली, तिला आपला शब्द ठाऊक नाही. "अच्छा, ही तर चिचडी आहे, बाबा," ती म्हणाली. डॉक्टर तेव्हा गल्लीच्या टोकालाच होता. तो पुन्हा हसेल म्हणून मी हाक मारली नाही.