मागच्या इंजिनाचं स्थळ

शके १८५८, कार्तिक व. ९, सोमवार. खासबाग.
शेजारी सकाळपासून मागांचा खटखटाट. ते लुगडी विणतात, मी साप्ताहिकासाठी कोर्टाच्या बातम्या. त्यांचं कापड टिकतं.
दुपारी एक बाई आल्या, कॅसलरॉकहून. सोबत धाकटी मुलगी. इथं मामाकडे राहते, आमची इंदू शिकवते त्या वर्गात आहे. वाटलं, अभ्यासाची तक्रार. बाई पाणी प्याल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "माझ्या थोरल्यासाठी तुमची इंदू मागायला आलेय." सौ.च्या हातातलं फुलपात्र पडलं.
इंदूला सोळाव्या वर्षी वैधव्य आलं. आता पंचवीस. शाळेत शिकवते.
म्हटलं, "आपल्याला ठाऊक असेलच की ती..."
"ठाऊक आहे. म्हणून तर स्वतः आले. भटजींना पाठवलं असतं तर ते उंबऱ्यावरूनच परतले असते."
बाई हुशार. मुलगा श्रीपाद, घाटातल्या इंजिनवर ड्रायव्हर. पौर्णिमेपर्यंत मुदत मागून घेतली.

का. व. १०
सौ. बोलत नाही. भांडी बोलतात. संध्याकाळी एकदम म्हणाली, "रोज काळा होऊन येणार तो घरी."
म्हटलं, "मेघश्याम म्हणू."
तोंड फिरवलं. रागानं की हसू लपवायला, पाठीवरून कळत नाही.
रात्री पोथ्या काढल्या. पुनर्विवाहाला अनुकूल वचन सापडलं. पुढच्याच पानावर प्रतिकूल. ऋषींचा हा मोठा गुण, दारी आलेल्या कुणालाच रिकाम्या हाती पाठवत नाहीत.

का. व. १२, गुरुवार. खानापूर.
थोरल्या बंधूंकडे, अण्णांकडे. भात झोडून झालंय, अंगणभर पेंढ्याचं पिंजर. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. हे वाईट लक्षण.
"तुला हवं ते कर. पण मग आमच्या पंगतीत तुझं पान नाही." मग, न राहवून, "आणि मुलगा तरी कसला? मी चौकशी केलीय." (बातमी माझ्याआधी पोचली. वार्ताहर मी, की खानापूरचे लोक?) "पुढच्या इंजिनवरचा असता तर एक वेळ... हा मागून ढकलणारा! चढ संपला की याला तिथंच सोडून गाडी निघून जाते."
पुनर्विवाहापेक्षा त्यांना हे ढकलणं जास्त लागलेलं दिसलं.
निघताना वहिनींनी पडवीत गाठलं. कापडी थैली दिली. "नवा तांदूळ आहे. भाऊजी, तुम्ही उघडू नका. जाऊबाईंच्याच हातात द्या." अण्णा खोकले, तशा आत गेल्या.
थैली सौ.ला दिली. तिनं न उघडताच फडताळात टाकली. सासरच्या तांदळावर सध्या राग आहे.

मार्गशीर्ष शु. २
संपादकांना कॅसलरॉकच्या घाटावर लेख हवाय. धबधबा भरपूर घाला म्हणाले. आयतंच झालं. धबधबा पाहायला जातो असं घरी सांगितलं. इंदू म्हणाली, "त्याला माझा नमस्कार सांगा."
कुणाला, ते विचारलं नाही.

मार्ग. शु. ५, शुक्रवार. कॅसलरॉक.
फजिती. लिहून ठेवतो, म्हणजे सौ.ला सांगताना पदरचं काही घालायला नको.
गोव्याकडून मालगाडी चढून आली, मिठाची. मी उपरण्याची घडी नीट केली, साखरेची पुडी घेतली आणि थेट इंजिनापाशी. वर चाळिशीचा एक धिप्पाड गडी तंबाखू मळत होता. वय जरा जास्त वाटलं. पण म्हटलं, वाफेनं माणूस लवकर पिकत असेल. पुडी वर हातात दिली, कुशल विचारलं, आवडीनिवडी विचारल्या, मग गोत्र.
तो बघतच राहिला. "गोत्र? आमच्यात कुनी इचारत न्हाय. का वो पंत?"
"आपण श्रीपादराव ना?"
एवढा हसला की तंबाखू सांडली. "मी गणपा! तुमचा जावई मागं हाय, पार शेपटाला. हितनं डबं मोजत जावा." मी पुडी मागं घेऊ लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की आता. त्येला मी सांगतो, ग्वाड हुती म्हणून."
आयुष्यभर विद्या केली, तरी मान पुढच्यालाच द्यायचा ही सवय अण्णांची आणि माझी एकच. मिठाच्या डब्यांकडेनं चालत गेलो. रिकाम्या हाती.
शेवटच्या डब्यामागे, गाडीला तोंड लावून दुसरं इंजिन. श्रीपाद खाली उतरला. तिशीचा, उंच, डोळे सोडून सगळा कोळसा. पाया पडायला वाकला, स्वतःचे हात पाहिले आणि लांबूनच नमस्कार केला. हे आवडलं.
विचारलं, "चढताना पुढचा ड्रायव्हर दिसतो तुम्हाला?"
"छे. वळणं, बोगदे. शिटी ऐकू येते फक्त. निघताना तो विचारतो, मी उत्तर देतो. माझं उत्तर आल्याशिवाय गाडी हलत नाही."
"आणि इथं माथ्यावर तुम्हाला सोडून ती पुढं जाते. वाईट नाही वाटत?"
"गणपा आता जाईल, परमुलखात परक्या खाटेवर झोपेल. मी घरी आईच्या हातचं जेवेन." मग, "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण... त्यांना विचारलंत का? इंदूताईंना?"
मला खोकला आला. धुरानं.
(इंदूताई! आधी हे 'ताई' काढायला हवं.)

मार्ग. शु. ७
रात्री जेवताना घाटाची हकीकत सांगितली. गणपाचं ऐकून सौ. हसली. पंधरवड्यात पहिल्यांदा... नको, मोजत नाही. मग शिट्यांची गंमत सांगितली. इंदू आमटी वाढत होती.
"आणि मागच्यानं उत्तरच दिलं नाही तर?"
"गाडी उभी."
"पुढच्यानं विचारलंच नाही तर, आप्पा?"
आमटी फार तिखट होती. पाणी प्यालो. मग विचारलं. पोथ्यांना विचारलं, अण्णांना विचारलं, गणपाला तर गोत्रही, हिला आज.
पळी हातात तशीच. "मला हवंय. पण शिकवणं सोडणार नाही. तिथं शाळा आहे?"
"विचारायचं राहिलं."
"गोत्र विचारलंत!"
सौ. पानाकडे पाहत म्हणाली, "तिला भात वाढा कुणीतरी. सगळ्यांना वाढत बसलीय."

मार्ग. शु. ९
संपादकांनी लेख परत केला. "यात धबधबा कुठाय? सगळी इंजिनाची पाठ." धबधबा घातला. पाठ काढली नाही.

मार्ग. शु. ११
श्रीपाद येऊन गेला. धुतलेला. दारात ओळखला नाही; साप्ताहिकाची वर्गणी द्यायला कोणी आला म्हणून बसवून घेतला. सौ.नं मात्र ओळखला. म्हणाली, "मेघश्याम नाही हो, चांगला गव्हाळ आहे."
शाळेचं: रेल्वेच्या पोरांची एक आहे, चौथीपर्यंत. एकच मास्तर, तेही दम्याचे. मुलींना कोणी नाही. श्रीपाद खटपट करतोय, वचन दिलं नाही. "मिळेल असं सांगणार नाही. मिळेपर्यंत विचारत राहीन." इंदू आतून ऐकत होती. बांगड्या वाजल्या नाहीत. तिच्या हातात नाहीत. पण दार हललं.

मार्ग. शु. १४, रविवार
अण्णांकडून शब्द नाही. पत्र टाकलं होतं.
उद्या पौर्णिमा. सकाळच्या गाडीनं तिघंही कॅसलरॉकला, उत्तर द्यायला. शिदोरीला दहीभात करायचा म्हणून सौ.नं अखेर वहिनींची थैली सुपात ओतली. पाखडायला गेली आणि थांबली. मला हाक मारली. वहिनींच्या घरचा तांदूळ मी तीस वर्षं खातोय, कण्या ओळखीच्या आहेत. यात एक नाही. दाणा न् दाणा अखंड, निवडलेला.
सौ. म्हणाली, "जेवायला असा कोणी निवडत नाही."
"म्हणजे?"
"इतकं संस्कृत शिकलात. अक्षता आहेत ह्या."
म्हणजे मी ओसरीवर अण्णांचं ऐकत होतो तेव्हा वहिनी आत हे करत बसल्या होत्या? की त्याआधीच, बातमी पोचली त्या दिवसापासून? अण्णांना माहीत असेल? सूप त्यांच्या डोळ्यांसमोरच असणार. अण्णा खोकले होते खरे. पण ते नेहमीच...
सौ.नं तांदूळ परत थैलीत भरला, हळदीच्या डब्याशेजारी ठेवला. दहीभात जुन्याचाच.
लग्न ठरलं तर अण्णांचं पान मी मांडणार, पंगतीत पहिलं. येतील, न येतील. गणपालाही बोलवायचं. साखर देणं लागतो तो.