तीन निरीक्षक

शनिवार, २१ डिसेंबर २०२४

आम्ही सुखरूप पोहोचलो. नांदेडहून सकाळी सातच्या बसने निघालो, लातूरला गाडी बदलली आणि औशाच्या स्थानकावर उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तेथून तलाव सहा किलोमीटर. तलावाखालच्या शेताचे मालक रामकिशन स्वतः जीप घेऊन आले होते. साठीचे गृहस्थ, आवाज असा खणखणीत की स्थानकावरच्या ध्वनिक्षेपकाची गरज भासू नये. त्यांच्याच शेतातील दोन पक्क्या खोल्या आम्हाला महिनाभर राहण्यास मिळाल्या आहेत.

तीन दशके शाळेत मराठी शिकवली, तेरा वर्षे निवृत्तीत काढली आणि आता, एकाहत्तराव्या वर्षी, मी प्रथमच एका शास्त्रीय कामात सहभागी होत आहे. हिवाळी पक्षिगणनेत ठरलेल्या पाणवठ्यावर जाऊन पक्षी मोजायचे आणि आकडे लातूरच्या संयोजकांकडे पाठवायचे, इतकेच काम. परंतु ते काटेकोरपणे करावयाचे. येथील जुने गणक मडिवाळप्पा वार्धक्यामुळे मुलाकडे राहावयास गेले. त्यांची जागा मला मिळाली.

सौदामिनीने पडवीतून तलाव पाहिला आणि सेहेचाळीस वर्षांत प्रथमच आपल्याला चांगल्या ठिकाणी आणले गेले, असे जाहीर केले. ‘प्रथमच’ हा शब्द अन्यायकारक आहे, हे मी निदर्शनास आणले. तिने रामकिशनच्या पत्नीकडे, शिवकन्येकडे, पाहून डोळे मिचकावले. दोघींचे अवघ्या तासाभरात सूत जमले आहे.

रविवार, २२ डिसेंबर

पहिली गणना. सकाळी साडेसहाला मी, सौदामिनी आणि रामकिशन असे तिघे बांधावर होतो. पाण्यावर धुके होते. ते विरल्यावर उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे, त्यांच्यापलीकडे नारिंगी अंगाचे चक्रवाक आणि मधोमध डोक्यावर काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस दिसू लागले. हे हंस हिमालय ओलांडून येतात. आनंदाने मी त्यांची नावे मोठ्याने म्हणत सुटलो.

मडिवाळप्पांची दृष्टी अधू झाल्यापासून मोजण्याचे काम रामकिशनच करीत आणि मडिवाळप्पा लिहून घेत. त्याच रीतीने त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि सुरुवात केली : “लाभ, दोन, तीन, चार...”

मी त्यांना थांबविले. खळ्यावर ज्वारीची रास मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, हे मलाही लहानपणापासून ठाऊक आहे. पण ही रास नव्हे, गणना आहे. रामकिशन म्हणाले, “गुरुजी, ह्या तळ्यावर पाखराला बी तसंच हाय, जनावराला बी. एक म्हनलं की गिनती बंद होती. मंग त्येच्यात वाढत बी न्हाई, कमी बी होत न्हाई.” मी उत्तरलो, की ज्यात वाढ नाही आणि घट नाही असा आकडा मिळाला तर कोणताही गणक कृतार्थ होईल. मग मी स्वतः दुर्बीण घेतली आणि स्पष्ट उच्चारात, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात, ‘एक’पासून आरंभ केला.

रामकिशन सौदामिनीला म्हणाले, “जाऊ द्या बाई. मास्तर लोकांपुढं बोललं की गुन कापतेत.”

शेकाटे सदतीस. चक्रवाक बारा. पट्टकदंब सेहेचाळीस.

बुधवार, २५ डिसेंबर

सरावासाठी पुन्हा मोजले. सदतीस, बारा, सेहेचाळीस. एकाचाही फरक नाही! शेकाटे तर जागचे हललेच नाहीत. थंडीने आखडले असावेत. मडिवाळप्पांच्या जुन्या नोंदी चाळल्या. त्यांत दर खेपेला आकडे निराळे आहेत. मी त्यांना दोष देत नाही. अचूकता ही सवय आहे आणि ती लहानपणीच लागावी लागते.

शेंगदाण्याच्या चटणीत शिवकन्या लसूण फार घालते. सौदामिनीला ती अतिशय आवडली.

रविवार, २९ डिसेंबर

सदतीस, बारा, सेहेचाळीस.

संयोजक श्रीनाथ यांचा दूरध्वनी आला. स्वर नम्र होता, आशय नव्हता. तिन्ही नोंदी तंतोतंत सारख्या आहेत. मागील आकडे उतरून तर काढले नाहीत ना, असे त्यांनी विचारले. शिवाय प्रपत्रातील ‘निरीक्षकांची संख्या’ हा रकाना मी रिकामा ठेवला होता. तो भरल्याशिवाय नोंद ग्राह्य धरली जात नाही.

संतापात माझा चहा निवला. सौदामिनी म्हणाली, “अहो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात. आता कुणीतरी तुमची तपासली, एवढंच.”

सोमवार, ३० डिसेंबर (वेळा अमावास्या)

आज सारा परिसर शेतात जेवत होता. रामकिशननी कडब्याची कोप, म्हणजे लहानशी झोपडी, उभारली होती. आत चुन्याने रंगविलेले पाच दगड, तेच पाच पांडव, त्यांची पूजा. मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातील आंबील. सौदामिनीने तीन वेळा आंबील मागून घेतली.

जेवणानंतर सगळे कोपीच्या दाराशी बसलो असताना मी प्रपत्र काढले. कोणी शंका घेऊ नये म्हणून रीतसर, बोट दाखवून, मोठ्याने मोजले. रामकिशन : एक. सौदामिनी : दोन. मी : तीन.

शिवकन्या किंचाळली. तिने पदराने तोंड झाकले आणि ती कोपीमागे पळाली. “मला धरू नका! मला मोजू नका, गुरुजी!” मी तिला मोजणार नव्हतोच, ती निरीक्षक नाही. रामकिशनचा हात मडक्यावर थबकला होता. “मानसं बी, गुरुजी?” इतकेच ते म्हणाले. मग हसले आणि त्यांनी मला आंबील वाढली.

प्रपत्र पाठविले. नोंद ग्राह्य झाली.

बुधवार, १ जानेवारी २०२५

दहा दिवसांत एकही शेकाट्या चरताना पाहिलेला नाही. हे मी पहिल्या आठवड्यातच लिहावयास हवे होते.

आज खडा टाकला. हलले नाहीत. धोतर खोचून पाण्यात शिरलो आणि अगदी जवळ गेलो. हात लावला. मला वाटले, मेलेला, वाळलेला पक्षी असेल. तो उबदार होता. पिसांखाली त्याचे काळीज इतक्या वेगाने धडधडत होते की ठोके मोजता येईनात. उचलू गेलो तर रोवलेल्या लोखंडी पहारीसारखा घट्ट. मान नाही, पंख नाही, काहीच हलत नव्हते. डोळा मात्र हलला. त्याने माझ्याकडे पाहिले.

सदतीस जणांनी पाहिले.

चक्रवाकही तसेच. हंस अजून माना हलवितात, पण सावकाश. म्हणजे ज्या क्रमाने मोजले, त्याच क्रमाने.

सौदामिनीला सांगितले नाही.

शुक्रवार, ३ जानेवारी

रामकिशन सकाळी ज्वारीला पाणी देण्यास गेले होते. तेथून मोटार तशीच चालू ठेवून कोपीकडे आले आणि दाराशी, त्या दिवशी बसले होते त्याच जागी, उभे राहिले. अजून उभे आहेत.

औशाहून डॉक्टर आले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. लातूरला हलवा म्हणाले. सहा माणसांनी उचलून पाहिले. पाय मातीतून सुटत नाहीत. त्यांचे डोळे मात्र एकेकाच्या चेहऱ्यावर फिरत होते. माझ्यावर येऊन थांबले.

शिवकन्येने नेहमीसारखे माझ्यापुढे ताट ठेवले. आदळले असते तर बरे झाले असते.

पहिला रामकिशन. दुसरी —

रविवार, ५ जानेवारी

गणनेला गेलो नाही.

काल सौदामिनीच्या हातून कप पडला. बोटे मिटत नव्हती. आज पहाटेच गाडी बोलावून तिला घेऊन निघालो. औसा ओलांडले तशी मान ताठली. लातूरच्या अलीकडे तिला श्वास पुरेना, ओठ निळे पडले. दवाखाना दोन किलोमीटरांवर होता. ती कसेबसे म्हणाली, “अहो, परत चला. तिकडं जाताना दुखतं.” मी ऐकले नाही. आणखी अर्धा किलोमीटर. तिचे डोळे पांढरे झाले.

गाडी वळविली. औशाला ती बोलू लागली. तलाव दिसताच तिने पाणी मागितले.

अनिमेषला दूरध्वनी केला. मुलाला काय सांगावे? आईला थंडी बाधली आहे, असे सांगितले. तो येतो म्हणत होता. येऊ नकोस म्हणालो. तो येईल आणि मी त्याच्याकडे पाहून, नकळत, मनातल्या मनात —

मंगळवार, ७ जानेवारी

ती आता कोपीच्या दाराशी बसली आहे. स्वतः चालत गेली. मी कवेत धरून मागे ओढत होतो. सत्तर किलोंचा मी, पंचेचाळीस किलोंची ती. तिने मला फरफटत नेले आणि वाटेत दोनदा माफी मागितली. अजून थोडे बोलते. डावा हात गेला.

प्रपत्र रद्द केले. गणनेच्या वहीतील पान फाडले, जाळले. नव्या प्रपत्रात निरीक्षक चार लिहिले — आयुष्यातली पहिली खोटी नोंद. काही झाले नाही. बांधावर उभा राहून ‘लाभ’पासून सारे पक्षी पुन्हा मोजले, घसा बसेपर्यंत मोजले. काही नाही.

शिवकन्येच्या पायांवर डोके ठेवले. विचारले, रास चुकीची मापली तर काय करतात? ती म्हणाली, मापलेले पुन्हा राशीत ओततात, रास मोडतात, नव्याने मापतात. आणि माणसांचे? “दान्याचं मला ठावं हाय, गुरुजी. मानसं कुनी मोजली होती आजवर?”

रामकिशनची दाढी वाढलेली नाही. गालावर एक अश्रू आहे. शुक्रवारपासून तो तेथेच आहे, ओघळत नाही, वाळत नाही. वाढत बी न्हाई, कमी बी होत न्हाई. हे मरण नाही. हे कधी संपणारच नाही.

बुधवार, ८ जानेवारी, सकाळ

लिहितो. घाईने लिहितो.

एक कुत्रा उथळ पाण्यात शिरला. त्याने एका शेकाट्याची मान धरली, झटका दिला. तो मेला. आणि त्याच क्षणी बाकीचे छत्तीस — उडाले. छत्तीसच्या छत्तीस, ओरडत, माझ्या डोक्यावरून उत्तरेकडे.

आकडा खोटा ठरला. सदतीस राहिले नाहीत, म्हणून सुटले.

शिवकन्या बांधावरच होती. तिनेही पाहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

तिघांतून एक कमी झाला तर दोघे सुटतील. तो एक कोण, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु एका उदाहरणावरून नियम करू नये. मी गेलो आणि ती सुटली नाही, तर तिच्याजवळ कोण राहील? दुसरे उदाहरण हवे. उद्या.

गुरुवार, ९ जानेवारी

मी कधी मुंगीही मारली नव्हती.

चक्रवाक. ज्याला प्रथम ‘एक’ म्हटले, तोच. माझ्या हातांनी. त्याचा डोळा माझ्याकडे —

अकरा उडाले.

नियम खरा आहे. आज सौदामिनीचे ओठ हलले नाहीत. उद्या सकाळी तिच्याजवळ थोडे बसून मग तलावात —

माझी मान का दुखते आहे?

शुक्रवार, १० जानेवारी

सकाळी शिवकन्येला सांगितले, मी तळ्यात जातो, तुझे रामकिशन सुटतील, हिला नांदेडला पोहोचव. ती म्हणाली, “जावा.” बराच वेळ दारातून पाहत राहिली.

बांधापर्यंत गेलो. पाणी दहा पावलांवर. पाय वळले. मी वळविले नाहीत. पुन्हा गेलो. पुन्हा वळले. रांगत गेलो — गुडघे वळले.

कालच जावयास हवे होते. परवाच. एक दिवस मी पुराव्यासाठी —

कोपीशी बसलो आहे. सौदामिनी डावीकडे. मांडीवर वही. उजवा हात चालतो.

जबडा उघडत नाही.

तिचे डोळे माझ्याकडे आहेत. काहीतरी म्हणताहेत. रागावलेली नाही. रागाव ना.

दुपार

शिवकन्या येत आहे. ज्वारीतून. हातात विळा.

बरोबर. ये. मी इकडे आहे.

रामकिशनसमोर थांबली. त्यांच्या गालाला हात लावला. रडते आहे.

आता आमच्याकडे पाहते आहे. तिच्याकडे. माझ्याकडे. तिच्याकडे.

तिला वाचता येते. सातवीपर्यंत — मोठी अक्षरे काढतो —

शिवकन्या मला. मला.

वहीकडे पाहत नाही. सौदामिनीपुढे बसली. “बाई, तुमी लई चांगल्या हाव, पर गुरुजी तर तळ्यावनं माघारी आले —” म्हणते आहे, पदराने तिचे डोळे झाकते आहे —

शिवकन्या ती नव्हे मी मोजले इकडे बघ वहीकडे बघ ती न