झाडलेल्या गल्लीची सेवा

अकोला, ११ नोव्हेंबर २०२५

ती. पौर्णिमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू म्हणालीस, की रडत-ओरडत सांगू नकोस, लिही. लिहिताना निम्मा राग गळतो. माझा गळला नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ‘समाजसेवेतून शिक्षण’ हा विषय आहे. तूही तुझ्या कॉलेजात संस्कृतबरोबर तोच शिकवतेस. वस्तीत जायचं, काम करायचं, मग त्यावर ‘मनन’ लिहून द्यायचं. कुंदन सरांनी आम्हाला फुलवाल्यांच्या गल्लीत स्वच्छतेला नेलं. पोचलो तर गल्ली लख्ख. पाहुणे येणार म्हणून बायांनी पहाटेच झाडून सडा घातलेला, दारोदार रांगोळ्या. हार गुंफणाऱ्या गंगूबाईंनी तर चहाचं आधण ठेवलं होतं.

सरांना झाडतानाचे फोटो हवे होते. त्यांनी पोरांना फूलबाजारामागच्या उकिरड्यावरून पोती भरून आणायला लावली, ती रांगोळ्यांवर ओतली आणि आमच्याकडून झाडून घेतली. गंगूबाई विचारत राहिल्या, पोरीहो, कचरा काहून आनून राहिले? आम्ही झाडत राहिलो.

मननात मी हेच लिहिलं. सरांनी परत केलं. म्हणाले, शेवटी ‘मला समाधान वाटले’ असं लिहून दे, नाहीतर नापास. नापास झाले तर बी.एड. वर्षभर लांबतं. बाबा म्हणतात, लिहून दे ना, त्यात तुझं काय जाते. आणि आज कळलं, गल्लीतल्या त्या कचऱ्याचा फोटो मोबाइलवर गावभर फिरला. मंगल कार्यालयवाल्याने गंगूबाईंचं लग्नाच्या हारांचं काम काढून घेतलं. घाणीतले हार नकोत म्हणे.

काय करू ते लिही. लोभ आहेच, या खेपेस थोडा सल्लाही असावा.

तुझी,
दामिनी


अमरावती, १४ नोव्हेंबर २०२५

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोन ठिकाणी पेन कागदातून आरपार गेलं आहे. अक्षर बापावर गेलं, राग आत्यावर, दोन्ही सुधारण्यापलीकडचे.

आम्हा संस्कृतवाल्यांकडे क्रम असा, की आधी श्रवण, मग मनन. तुझ्या सरांनी श्रवण अभ्यासक्रमातूनच वगळलेलं दिसतं. ती बाई समोर उभी राहून विचारते आहे, ते ऐकायचं नाही. आणि मननाचा शेवट मात्र आधीच छापून तयार. याला मनन म्हणत नाहीत. हा श्राद्धाचा संकल्प झाला, नाव-गोत्र तेवढं बदलायचं. माझ्याकडेही असे गठ्ठे येतात. सगळ्यांना एकाच वाक्यात समाधान वाटलेलं असतं, आणि ते तपासता तपासता माझं जातं.

तुझ्या बाबाला, वामनदादाला सांग, काय जातं ते घरी बसून कळायचं नाही, गंगूबाईंना विचार. त्यांचं काम गेलं.

आता तुझ्यावरचा राग. पत्रभर तुझं नापास होणं आहे, आणि गंगूबाईंचं नुकसान शेवटी, जाता जाता. त्यांच्याविषयी जे लिहिलंस ते त्यांना वाचून दाखवलंस का? नसेल. मग सरांत आणि तुझ्यात फरक एवढाच, की तुझी भाषा बरी. जा, वाचून दाखव. त्या बदल म्हणाल्या तर बदल, ठेव म्हणाल्या तर एक अक्षर हलवू नकोस.

जेवत जा. उपाशीपोटीचा राग आमच्या घराण्यात कुणालाच शोभला नाही.

तुझी आत्या,
पौर्णिमा


अकोला, २७ नोव्हेंबर २०२५

ती. पौर्णिमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझाच राग आला. मग गेले.

गंगूबाईंनी हार गुंफता गुंफता सगळं ऐकलं. एकच दुरुस्ती सांगितली: मी ‘बिचाऱ्या बाया’ लिहिलं होतं, त्यातलं बिचाऱ्या काढ, आमी काय मेलो का? बाकी असू दे म्हणाल्या. मग विचारलं, तुमच्या कालेजात याचा कार्यक्रम कधी हाय?

शनिवारी सादरीकरण होतं. बाहेरचे पाहुणे यायचे म्हणून पोर्चमध्ये मोठी रांगोळी, कुंदन सर कोट घालून उभे. तेवढ्यात गंगूबाई आणि गल्लीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या. गंगूबाईंनी शिळ्या झेंडूची टोपली रांगोळीच्या मधोमध उलटी केली. मागून बाकीच्यांनी. मग सगळ्यांनी कमरेला पदर खोचला आणि झाडायला लागल्या. सर धावत येऊन विचारू लागले, हे काय चाललंय. गंगूबाई झाडू न थांबवता म्हणाल्या, सेवा करून राहिलो सर. तुमी आमची केली, आमी तुमची करतो. मग मला म्हणाल्या, पोरी, काढ आता फोटो.

मी काढला. पाहुण्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या हे कशासाठी म्हणून विचारलं. सर घड्याळ पाहत राहिले. मग मी माझं मनन वाचलं, ‘बिचाऱ्या’ वगळून. बायांनी एकूण एक पाकळी टोपलीत भरून नेली. फूल पायाखाली येऊ नये म्हणून.

हा फोटो पहिल्यापेक्षा लांब गेला. कार्यालयवाल्याने मात्र काम परत दिलं नाही. सरांनी मला नापास केलं. शेरा असा, की मननात समाधानाचा अभाव. बाबा दोन दिवस धुसफुसले. काल देवासाठी हार आणला. कुठून आणला ते मी विचारलं नाही; हाराला गंगूबाईंची गाठ होती.

राग उतरलेला नाही. उतरवायचा आहे असंही नाही.

पुढच्या वर्षी विषय पुन्हा घ्यावा लागणार, हे गंगूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, आमच्याच गल्लीत ये. चहा ठेवतो. पन या खेपेले आमी झाडून ठेवत नाही.

तुझा लोभ जसा आहे तसाच, टोचणारा, राहू दे.

तुझी नापास भाची,
दामिनी