कोऱ्या पानावरची लाल सही

बाई, तुम्हाला जाऊन पाच वर्षं होत आली, आणि आज मी दिघीच्या जेटीजवळ एका होमस्टेच्या ओट्यावर बसून इंग्रजी पाटी लिहितेय. पाहुणे टॉवेल समुद्रावर घेऊन जातात, तर नेऊ नका असं लिही, पण वाचून कुणाला राग यायला नको, असं मालकीण म्हणाली. मी लिहिलं, टॉवेल्स शुड नॉट बी टेकन टू द बीच. शेवटचं अक्षर काढतेय तोच मागून तुमचा आवाज आला, वाच परत, मोठ्याने. मी खरंच मोठ्याने वाचलं. आगरदांड्याच्या बोटीसाठी थांबलेला एक रिक्षावाला माझ्याकडे टकामका बघत राहिला. हे काही आजचं नाही. पनवेलला कपड्यांच्या दुकानात होते तेव्हा, मग गोव्यात, मध्ये माणगावला हायवेवरच्या हॉटेलात, कुठेही इंग्रजी वाक्य लिहायला घेतलं की तुम्ही मागे येऊन उभ्या राहता. वळून बघितलं की कुणी नसतं. आता वळत नाही मी.

तुमची पडवी आठवते. एका कोपऱ्यात सुपारीचा ढीग, तिथे माझी आई आणि आणखी दोघी सोलत बसलेल्या, आणि दुसऱ्या टोकाला आम्ही दहावीची सहा-सात पोरं. शाळेतून निवृत्त झालात तरी तुमची शिकवण्याची खोड गेली नव्हती. अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह आलं की आमचे चेहरे पडायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "अरे, 'मी भाकरी खाल्ली' हा कर्मणी प्रयोग तुम्ही रोज जेवून उठताना करता, मग इंग्रजीतच कशी बोबडी वळते?" एकदा मागच्या पोराने मांजर मासा खाते या वाक्याचं उलटं करताना माशालाच मांजर खायला लावली. द कॅट इज ईटन बाय द फिश. तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "असा मासा बाजारात आला तर मला सांग हो. लांबूनच बघेन." सुपारी सोलणाऱ्या बायकाही हसल्या, त्यांना काय कळलं देव जाणे. त्या सुपारीचा एक कडवट वास असायचा, हाताला लागला की साबणानेही जात नसे. पण ते राहू दे, मी उगाच लांबण लावतेय.

तुमची नजर त्याच वर्षी गेली. काचबिंदू. आधी फळ्यावरच्या ओळी वाकड्या व्हायला लागल्या, मग तुम्ही खडूच ठेवून दिलात. वाक्यं तर तुम्हाला पाठच होती. माझा आवाज खणखणीत, म्हणून सगळ्यांच्या वह्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. वाचलेलं ऐकून तुम्ही चूक सांगायचात, मग वही हातात घेऊन अंदाजाने लाल सही करायचात. शेवटी, बाकीची पोरं घरी गेल्यावर, माझी वही. मी काही लिहिलेलंच नसायचं. खाली मांडीवर गाईड उघडं धरायचं आणि त्यातली उत्तरं घडाघडा वाचायची. तुम्ही एकेका वाक्यावर मान हलवता. मग हात पुढे करता, मी वही देते, आणि कोऱ्या पानावर तुमची तिरपी सही उमटते. पहिल्या दिवशी मी वही पटकन मिटली होती. आठवड्याने नाही मिटली.

तुम्ही माझ्या आईला म्हणालात, हिच्या इंग्रजीची काळजी नको, पास झाली की मी हिला मुरुडला कॉलेजात घालते. आईने आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलं ते. आणि मी इंग्रजीतच नापास झाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आई मला ओढत तुमच्याकडे घेऊन आली. तिने आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "बाई, तुमच्या भरवशावर व्हतो आम्ही. पोरगीला काय येत न्हाय, ह्ये तुम्हाला कसं कललं न्हाय?" तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं गं. दिसत नाही त्या माणसाने शिकवू नये." मी खांबाला टेकून उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. नाही उघडलं. पुढच्या सोमवारी शिकवणी बंद. पुन्हा कुणाला शिकवलं नाहीत तुम्ही. मागच्या वर्गातली पोरं चटई घेऊन आली होती, ती परत गेली.

मी पनवेलला पळाले. तुम्ही दोनदा निरोप पाठवलात, गावात आली की ये, पेपर वाचून दाखव म्हणून. रागाचा शब्द नव्हता त्यात, मी खोदून खोदून विचारलं निरोप आणणारीला. कधी वाटतं तुम्हाला सगळं कळलं होतं. कधी वाटतं नव्हतंच कळलं, आणि तुम्ही शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिलात. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? घर मुंबईच्या कुणीतरी घेतलंय, पडवीला काचा लागल्यात. पण एक सांगायचं राहिलंय. तुम्ही जायच्या आदल्या दिवाळीत, दुपारी, मी तुमच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, आले होते. तुम्ही पडवीत बाकावर एकट्या. माझी चप्पल वाजली असेल, तुम्ही मान वळवून विचारलंत, "कोण ते?" मी श्वास रोखून उभी. तुम्ही थोडा वेळ वाट बघितलीत, आणि मग बाकावर जरा सरकून बसलात, शेजारी एक माणूस मावेल एवढं. मी तशीच मागे फिरले. घरी आईला सांगितलं, एसटीची वेळ झाली होती म्हणून बाईंकडे जाता आलं नाही. एसटीला अजून दीड तास होता.